आठ दिवसांची मुदत

"बाकीच्यांनी बाहेर बसून चहा घ्या. नांदायचं हिला आहे, तुम्हाला नाही."

भिवंडीत कोर्टासमोरच्या आमच्या खोलीत नवीन पक्षकार आली की वकीलबाईंचं हे पहिलं वाक्य. अशी वरात तुम्हीही पाहिली असेल: आई, मामा, काका, मामाचा एखादा पुढारी मित्र. सगळे निमूट बाहेर. दाराशी माझं टायपिंगचं टेबल, म्हणून कुरकुर माझ्याच कानी. "आनलं आमी, न् आमालाच भायेर काढतात!"

बाई दिघाशीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. थोरल्या बहिणीची सोडचिठ्ठी गावच्या पंचांनी ओट्यावर बसून एका दुपारी उरकली होती. बहीण आत भाकऱ्या थापत होती. तिला कोणी विचारलंच नाही. "म्हणून मी वकील झाले," हे त्या एकदाच बोलल्या.

त्यातूनच त्यांचा नियम आला. मारहाण असेल तर अर्ज त्याच दिवशी कोर्टात. नसेल तर लिहून ठेवायचा आणि आठ दिवस थांबायचं. "घरी जा. नवव्या दिवशीही हेच म्हणालीस तर मी तुझी." कितीतरी जणी नवव्या दिवशी येतच नसत. मी चिडवायचो, "अशाने दुकान बंद होईल आपलं." त्या खळखळून हसायच्या.

मग टेमघरची एक तरुण सून आली. नवरा पॉवरलूमवर फिटर, मुलगी चार वर्षांची. ती उंबऱ्यात घुटमळली.

"मॅडम, अर्ज आजच लावा ना. तो पोरीला घेऊन सुरतला जाईन म्हनतो."

"रागात सगळेच म्हणतात गं."

टाइप केलेला अर्ज माझ्या हातात होता. ती खरं बोलतेय हे मला कळत होतं. मी गप्प बसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

सहाव्या दिवशी ती धापा टाकत आली. नवरा मुलीला घेऊन गेला होता. तिने बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून थांबले व्हते."

नियम त्याच दिवशी मोडला. बाईंनी स्वतः दोनदा सुरत पालथी घातली. पत्ता लागून निकाल व्हायला अडीच वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात बाईंचं हसणं कुठे गेलं ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर त्यांनी नवी केस घेतली नाही, हातातल्या तेवढ्या संपवल्या. आता त्या खोलीत दुसरे वकील बसतात.

ताबा आईला मिळाला. बापाने मुलीला कोर्टाच्या व्हरांड्यात आणून सोडलं आणि मागे न बघता निघून गेला. आई खाली बसली, हात पसरले.

"ये गं बाय. चल घरी."

मुलगी मागे सरकली. जवळ वकीलबाई उभ्या होत्या, त्यांचं बोट तिने घट्ट धरलं आणि रडायला लागली.

"आंटी, मुझे घर जाना है."

आतून बाईंच्या पुढच्या केसचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बाई हलल्या नाहीत. ते बोट सोडवून आईच्या हातात मुलीचा हात द्यायचा होता, आणि तेवढं त्यांच्याने होईना.