पहिला शिक्का

…तर ते थोर तत्त्वज्ञ आपल्या गावी एक रात्र थांबले होते, ते पोट बिघडलं म्हणून. मलकापूरला गाडी गाठायची होती, पण अमडापूरच्या अलीकडंच कळ आली. तेवढ्या पुण्याईवर भालचंद्ररावांनी, म्हणजे आपल्या निवृत्त प्राध्यापकांनी, स्मृती समिती काढली. समितीतल्या एकानंही त्या माणसाचं अर्धं पान वाचलेलं नव्हतं; फेट्यांचा रंग मात्र पहिल्याच बैठकीत ठरला. आणि सरकारनं तत्त्वज्ञांचं टपाल तिकीट काढलं, तेव्हा तर यांना वाटलं, आपलंच काढलं!

आता गावचं टपाल म्हणजे इंद्रभान. एक खोली, मास्तर तोच, शिपाई तोच. अठ्ठावीस वर्षं शिक्के हाणून हाणून त्याचा उजवा खांदा डाव्याच्या खाली उतरलेला. समितीनं त्याला बोलावलं ते खुर्च्या पुसायला. वर हुकूम सोडला : तत्त्वज्ञांच्या चाळीस तिकिटांचं हे जे पान आलंय, त्यातलं एकही विकायचं नाही. चार वाजता समारंभाचे पाहुणे टपालातच पहिला शिक्का मारतील, फोटो निघेल, मग तिकिटं काचेत बसवून एकेकाच्या दिवाणखान्यात टांगायची. इंद्रभान 'हो' म्हणाला खरा, पण त्याला किळस आली. तिकीट भिंतीवर टांगायचं म्हणजे नवाकोरा नांगर देवघरात ठेवायचा!

अडीचला कोकिळाबाई धापा टाकत आली. तिच्या वाट्याच्या शेतावर दीर रंगराव स्वतःचं नाव चढवू पाहत होता. हरकतीचा अर्ज टपालात टाकायची आज शेवटची तारीख. पाकिटावर आजचाच शिक्का हवा. थैली तीनला निघायची, आणि साधी तिकिटं सकाळीच संपलेली.

"भाऊ, जाईन ना हे आज?"

"काऊन नाही जाणार? बस, पाणी पे."

त्यानं त्या पानाच्या कोपऱ्यातलं एक तिकीट फाडलं, चिकटवलं आणि धाडकन शिक्का हाणला. तत्त्वज्ञांच्या दाढीवर तारीख अशी ठसठशीत उमटली की इंद्रभान स्वतःच खूश झाला.

चारला फेटे आले. पानाचा कोपरा फाटलेला पाहून भालचंद्ररावांना घाम फुटला. इंद्रभाननं कोकिळाबाईच्या अर्जाचं सांगून टाकलं. पाहुणे दारात, फोटोवाला तयार.

"पहिला शिक्का एका बाईच्या अर्जावर? अरे मूर्खा, तत्त्वज्ञानातलं काही कळतं का तुला?"

इंद्रभाननं उरलेली तिकिटं त्यांच्यापुढं सरकवली.

"नाही कळत, साहेब. बाईनं पैसे देल्ले, म्या तिकीट देल्लं. तुमच्या पाहुण्याले शिक्का माराचाच असन, तं अजून एकोणचाळीस पडले हायेत. फक्त कोनाले लिवाचं हाय, तेवढं इचारून या."