चुन्याच्या भिंतीवरची सावली

आदाण्णा गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे, काळ्या कापडात डोकं घालायचे आणि आतून ओरडायचे, "हलू नगा! जग हलतंय तेवढं पुरं!" मग कुणाची हलायची टाप नव्हती. सांगलीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या फोटो स्टुडिओला लागून होतं. त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो आणि तेवढ्यात भांडूनही घ्यायचो.

बहात्तरच्या दुष्काळात समोरच्या मळ्यात सिनेमाचं थेटर उभं राहू लागलं. चिंचेची झाडं तोडली, भरली विहीर बुजवली. आटपाडीकडची माणसं पाट्या उचलायला आली आणि त्या विहिरीच्या जागेवरच चुली मांडून लांबून पाणी आणू लागली. बांधकामाचे फोटो काढायचं काम आदाण्णांकडे होतं. भिंतीची उंची कळावी म्हणून त्यांनी एकदा नामदेव नावाच्या बिगाऱ्याला चुना दिलेल्या भिंतीपुढं उभं केलं.

कंत्राटदार भडकला. "इमारतीचा फोटो सांगितला होता. हा फाटका कशाला मध्ये?" आदाण्णांनी निमूट निगेटिव्हवर शाईचा ब्रश फिरवला. छापल्यावर नामदेवाच्या जागी नुसती पांढरी भिंत.

"काय हो, जिता माणूस पुसलात?" मी डिवचलं.

"पुसून कुठं जातोय त्यो? हाय की तितं, पाट्या उचलतोय," ते हसले.

पुढच्याच आठवड्यात बांबूंची परांची कोसळली आणि नामदेव गेला.

त्याची बायको कडेवर पोर घेऊन स्टुडिओत आली. "आवं आण्णा, मालकांचा फोटू तुमी काढलावता न्हवं? दुसरा न्हाई. ह्यो लय बारका हाय. बा कसा हुता म्हनून इचारंल उद्या."

आदाण्णा शाई धुवायला बसले. शाईबरोबर फिल्मवरचा थरच सुटून आला, चेहऱ्यासकट. "वाटोळं केलं गड्या मी," एवढंच म्हणाले. आमचा डबा तसाच राहिला. शेवटी खाली मान घालून त्यांनी आधी छापलेली कोऱ्या भिंतीची प्रत तिच्या हातात दिली.

ती बघतच राहिली. "ह्येच की! मुंडासं बगा, तिरकं. किती येळा सांगितलं, सरळ बांदा म्हनून!"

आम्ही दोघं वाकलो. माणूस पुसताना आण्णा त्याची भिंतीवरची सावली पुसायला विसरले होते. बाईनं फोटो पदराखाली धरला आणि ती गेली.

त्यानंतर त्यांनी ब्रशाला हात लावला नाही. लग्नाच्या मुलींचे देवीचे वणसुद्धा जसेच्या तसे छापायचे, गिऱ्हाईक तुटलं. ते मात्र जिथं नव्या इमारतीचे खांब उभे राहतील तिथं जाऊन पाटीवाल्यांचे फोटो काढत. प्रती तयार होईतो ती माणसं दुसऱ्या गावी गेलेली असत. न नेलेले चेहरे स्टुडिओभर दोरीला लटकायचे. "टाका की काढून," मी म्हणायचो. "ऱ्हाऊ दे रं. कुनीतरी यील इचारत," म्हणायचे. कुणी आलं नाही. डबा खातानाही ते दाराकडे तोंड करून बसत.

आदाण्णा गेले तेव्हा हार घालायला म्हणून मी त्यांचा फोटो शोधला. दोरीवरचा एकेक चेहरा पाहिला. त्यांचा स्वतःचा फोटो एकही नव्हता. कधी काढावासा वाटला नसेल, आणि मलाही कधी सुचलं नाही.

हार मी रिकाम्या स्टुलावर ठेवला.