खुरपं आणि स्टॉपवॉच

अमेरिकेत, प्लेनो शहरातल्या शाळेच्या मैदानावर मी रोज सकाळी चालायला जाते. म्हणजे घरी तसं सांगते. खरं तर माणसं बघायला जाते. तिथे ऐंशीच्या पुढची एक गोरी आजी खुरपं घेऊन यायची. ट्रॅकशेजारच्या गवतात पावलापुरते दोन खड्डे खणायची, त्यात बुटांची टोकं रोवून शंभर मीटर पळायची आणि परत येऊन खड्डे बुजवून वर थोपटायचीसुद्धा!

एकदा मला राहवलं नाही. "काय पेरताय?"

"माझी आई असेच खड्डे खणून पळायची. तेव्हा पायाला रेटा द्यायला स्टार्टिंग ब्लॉक कुठे होते?" खुरपं पुसत ती म्हणाली, "आमच्या गावातली बायकांची पहिली शर्यत तिने जिंकली. पण घड्याळवाले पंच पुरुषांची शर्यत संपवून जेवायला गेले होते. आपण किती सेकंदांत पळालो, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही."

मग तिने खिशातून स्टॉपवॉच काढलं. "माझी तरी वेळ मोजशील?"

मी मुख्य पंचाच्या थाटात उभी राहिले. "ऑन युवर मार्क... गेट सेट... गो!"

आजी सुटली. पांढरे केस मागे, कोपरं बाहेर! मी शेजारून "पळा आजी, पळा!" ओरडत धावले.

धापा टाकत तिने विचारलं, "किती?"

स्टॉपवॉचवर शून्य. बटण दाबायचंच राहिलं होतं! मी ते तसंच तिच्यापुढे धरलं.

आजीने घड्याळ पाहिलं, मग मला, आणि खो खो हसत सुटली. "अगदी आईइतकीच वेळ!"

त्या दिवशी तिने खड्डे बुजवले नाहीत. उद्या पुन्हा लागणार होते.