ताटातली कांब

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत डोंबिवलीत होणार होती. ह्यांची ठाण्याच्या कारखान्यातली नोकरी अजून कायम झाली नव्हती. ह्यांच्यावर सोपवलेली पोलादाच्या कांबीची चाचणी फसली, तर बिऱ्हाड मोडून आम्हाला कोकणात परतावं लागणार होतं. मला तर आत्ता कुठे स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं!

एका संध्याकाळी मी शेगडीच्या मंद आचेवर हलवा करत बसले होते. परातीतल्या खसखशीवर पाकाचे थेंब टाकायचे आणि बोटांनी फिरवत राहायचं. बोटं चांगली भाजून निघतात. तेवढ्यात हे आले आणि चहाही न मागता भिंतीला टेकून बसले.

"कांब तुटली," म्हणाले.

मग ह्यांची गाडी सुरू झाली. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादात पापुद्रे दिसतात म्हणे. थंड कांब दाबली की तडा जातो. फार तापवली की आतले दाणे फुगतात. मधल्या उबेत थोडं थोडं दाबत गेलं, तर पापुद्रे तुटून त्यांचे बारीक गोल मणी होतात आणि कांब वाकते, मोडत नाही. मी परातीतला हलवा बघून हसले.

"पण भट्टी एका टोकाला, दाबयंत्र दुसऱ्या. नेईपर्यंत कांब निवते."

"मग भट्टी जवळ आणा."

"साहेबांना सांगायला हवं."

"मग सांगा की! मला सांगून काय उपयोग?"

मी तडकलेच. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात आणि ह्यांचे गहू घरात पडून! पण दुसऱ्या दिवशी ह्यांनी साहेबांना गाठलं. भट्टी जवळ आणून कांब वाकवून दाखवायची शेवटची एक संधी मिळाली, तीही नेमकी संक्रांतीच्या दिवशी.

त्या संध्याकाळी मी काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून बसले होते. चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या. हातात तिळगुळाचं ताट, पण लक्ष सगळं दाराकडे. एरवी बायकांत पाऊल न टाकणारा हा माणूस सरळ आत आला, माझ्या ताटात काहीतरी ठेवलं आणि मान खाली घालून स्वयंपाकघरात गेला.

बोटाएवढी जाड कांब होती, दोन्ही टोकं एकमेकांना टेकेपर्यंत दुमडलेली. मी वळणावरून बोट फिरवलं. कुठेही तडा नव्हता.

"हे काय गं नवीन वाण?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

मला हसू आवरेना आणि रडूही. म्हटलं, "काकू, आम्ही इथेच राहतोय."