शब्दकोशातून गेलेलं हो गाव

अकोफा कुमोर्जीला संगणकाचा राग येत नसे. राग यायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर सकाळी ऑफिसच्या पायऱ्या चढतानाच संपलेला असायचा. गुडघ्यांवर हात टेकत ती वर यायची, खुर्चीत बसायची आणि पाच मिनिटं नुसती बंद पडद्याकडे बघत राहायची. मग म्हणायची, "चल बाबा, आज कशावर अडतोस ते सांग."

आमचं ऑफिस म्हणजे हो नावाच्या शहरात चर्चच्या मागे पत्र्याच्या छपराखालच्या दोन खोल्या. एवे भाषेचा शब्दकोश तयार करण्याचं काम इथे गेली वीस वर्षं चाललं होतं. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर मुद्रितं तपासायला इथे येऊ लागलो. सगळे मला टीचर म्हणतात. अकोफाला मी दावी म्हणायचो, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, जरी ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान होती. तिच्याकडे बघून दुसरं काही तोंडात यायचंच नाही.

ती मूळची चर्चच्या छापखान्यातली. शिशाचे खिळे जुळवायची. आमची भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि तिच्यात दोन फ आहेत. एक साधा, आणि दुसरा गरम सूपवर फुंकर मारताना ओठ करतात तसा, लांब शेपटीचा. साध्या फने 'कष्ट' होतो आणि शेपटीच्या फने 'समुद्र'. छापखान्यात शेपटीचे खिळे कायम कमी पडायचे, म्हणून ती ते वेगळ्या डब्यात जपून ठेवायची. छापखाना बंद झाला तेव्हा आधीच्या भाषातज्ज्ञ बाईंनी तिला इथे आणलं आणि संगणक शिकवला. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे, एक हत्यार शब्द शोधणार, दुसरं ओळी क्रमाने लावणार, तिसरं अक्षर बदलणार, आणि सगळी एकामागून एक जोडली की शेवटी पानं तयार. बाई निवृत्त होऊन आपल्या देशात गेल्या. हत्यारं राहिली आणि अकोफा राहिली.

जुना संगणक विंडोजचा नव्हता, त्या हत्यारांच्या घरचाच होता. पण तो म्हातारा झाला, आणि राजधानी अक्रातल्या एका चर्चच्या मंडळीने आमच्या चर्चला विंडोजचा नवा संगणक भेट दिला. आमचे रेव्हरंड ग्बोर्जो खूश झाले. "सिस्टर, आता सगळं एकाच यंत्रावर. हिशेब, प्रवचनं, शब्दकोश." ती हत्यारं विंडोजवर चालावीत म्हणून मध्ये एक थर बसवावा लागला. त्या थरामुळे विंडोज जुन्या घरासारखं वागल्याचं सोंग आणतं. सोंगच ते. दर आठवड्याला कुठेतरी उघडं पडायचं.

पहिल्याच दिवशी प्रत्येक हुकुमाला उत्तर आलं, असा हुकूम माहीत नाही. हुकूम तर डोळ्यांसमोर बरोबर लिहिलेला. अकोफाने तीनदा अक्षर अक्षर ताडून पाहिलं. शेवटी तिने विद्यापीठातल्या सेलासीला फोन केला. ही संगणकशास्त्र शिकवते, अक्रामध्ये असते, आणि फुकटात मदत करते म्हणून अकोफा तिला दरवेळी फोन करायला लाजायची.

"आंटी, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर आहे," सेलासी म्हणाली. "विंडोजवर फाईल उघडून सेव्ह केली ना कोणी?"

"रेव्हरंडांनी. बघायला म्हणून."

"विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं चिन्ह ठेवतं. तुमचं हत्यार ते हुकुमाचाच भाग समजतंय. तेवढं सगळीकडून काढून टाका."

ते काढलं. मग क्रम चुकायला लागला, कारण त्याच नावाचं विंडोजचं स्वतःचं हत्यार आडवं येऊन आधी धावत होतं. तेही निस्तरलं. मग एका दुपारी पडद्यावर शेपटीची सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं झाली. समुद्राच्या जागी प्रश्नचिन्ह, हाडाच्या जागी प्रश्नचिन्ह. अकोफाने चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला म्हणाली, "टीचर, मी जरा बाहेर बसते." बाहेर कडुनिंबाच्या झाडाखाली बाकावर ती तासभर बसली. शेंगदाणे आणि केळी विकायला आलेल्या बाईकडून तिने शेंगदाणे घेतले आणि खाल्ले नाहीत. परत आली, सेलासीला फोन केला, सांगितलेली ओळ टाइप केली, अक्षरं परत आली. ती आनंदली वगैरे नाही. पुढचं पान काढलं.

असं वर्षभर चाललं. मग छापायची तारीख ठरली आणि मी अखेरची मुद्रितं वाचायला बसलो.

'ह'च्या पानावर मी थांबलो. परत वरून वाचलं.

"दावी, हो कुठे आहे?"

"कोण हो?"

"हो. आपलं गाव. जिथे आपण बसलोय ते."

ती उठून आली. पानावर 'हो' होतं, पण लहान अक्षराने लिहिलेलं: उपटणे, जमिनीतून कंद ओढून काढणे. त्याच्यावर मोठ्या अक्षराने लिहिलेलं गाव असायला हवं होतं, किती लोकवस्ती, किती वाड्या, नाव कुठून आलं, सगळ्यासकट. ते नव्हतं.

"राहिलं असेल," ती म्हणाली. पण पान हातात घेऊन तिने पुन्हा वरून वाचलं.

मी पुढे वाचत गेलो. 'यायरा' हा आशीर्वाद अर्थाचा शब्द होता, यायरा हे मुलीचं नाव नव्हतं. 'जिजो' उलट. पोराचं नाव जिजो कशावरून ठेवतात ते होतं, पण जिजो म्हणजे आनंद, हा शब्दच गेला होता. शब्दकोशात आनंद नाही, हे मी मोठ्याने म्हणालो तेव्हा अकोफा हसली नाही.

सेलासीने फोनवर फार काही विचारलं नाही. "आंटी, जुन्या यंत्रावरून सगळं एका गाठोड्यात बांधून आणलंत ना? आणि इथे सोडलंत?"

"हो."

"तुमच्या प्रत्येक शब्दाची वेगळी फाईल आहे. जुन्या यंत्राला फाईलच्या नावातलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं दिसतं. मोठ्याने सुरू होणारं यायरा आणि लहानाने सुरू होणारं यायरा, दोन वेगळ्या फायली. विंडोजला दोन्ही एकच. गाठोडं सोडताना नंतरची फाईल आधीच्या फाईलवर बसली. काही न सांगता. माझीच चूक, मी आधी सांगायला हवं होतं."

"गाठोडं परत सोडता येईल का?"

"गाठोडं आहे का?"

अकोफाने माझ्याकडे पाहिलं. गाठोडं पेन ड्राइव्हवर होतं. सगळं नीट आलंय असं समजून तिने पेन ड्राइव्ह पुसून चर्चच्या गायनमंडळाला दिला होता, ईस्टरची गाणी न्यायला. आणि जुन्या यंत्रावर त्याच वर्षी पावसाळ्यात वीज पडली होती.

"नाही," ती म्हणाली.

पलीकडे सेलासीने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "निदान काय गेलंय ते कळेल. तुमच्याकडे एकसारख्या शब्दांना 'हेही पाहा' अशी खूण आहे ना? जो शिल्लक आहे तो गेलेल्याकडे बोट दाखवत असेल. शोधायच्या हत्याराला सांगा, अशा सगळ्या खुणा काढ. मी ओळ पाठवते."

ओळ आली, अकोफाने ती टाइप केली, आणि पडदा वर सरकू लागला. थांबेचना. तीनशेच्या आसपास होते. मी मोजत बसलो नाही, तीही नाही. तिने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं ती रडतेय. पण ती झोपली होती.

रेव्हरंडांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, छापखाना थांबणार नाही. जेवढं आहे तेवढं छापू."

"आनंद नसलेला शब्दकोश छापणार?" मी विचारलं.

"टीचर, आनंद तुम्ही लिहा ना. तुम्ही शिकवलाय की आयुष्यभर."

शब्द आम्ही लिहिले. ते अवघड नव्हतं. गावही लिहिलं, लोकवस्ती सरकारी पत्रकातून घेतली. पण नावांचं काय करायचं? नावं तोग्बे क्लुत्से यांनी जमवली होती. हे आमच्या चर्चचे जुने धर्मशिक्षक, पायी गावोगाव हिंडलेले. तोग्बे म्हणजे आजोबा. कुठल्या घरात कुठल्या प्रसंगाने पोराला काय नाव ठेवलं, ते एकेका घरी बसून ऐकलेलं. आता ते नव्वदीचे, आंधळे, मुलाच्या घरी व्हरांड्यात खुर्चीत बसून असायचे.

रेव्हरंडांनी कशीबशी मुदत वाढवून घेतली, आणि अकोफा रोज दुपारी ऑफिस सुटलं की तिकडे जाऊ लागली. मीही कधी कधी जायचो.

तोग्बेंना काही दिवस सगळं आठवायचं, काही दिवस काहीच नाही. कधी ते एका नावाला तीन वेगवेगळ्या गोष्टी जोडायचे. कधी अकोफाला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे आणि ती ओ द्यायची, कारण दुरुस्त करत बसायला वेळ लागतो. त्यांची सून दारातून ओरडायची, "दावी, म्हाताऱ्याला दमवू नका. आणि तुम्ही तरी काय खाल्लंत? तोंड बघा कसं झालंय!" मग ती मक्याच्या पिठाचं आक्प्ले आणि भेंडीचं सूप आणून समोर ठेवायची, आणि अकोफा एका हाताने लिहीत दुसऱ्या हाताने जेवायची.

एकदा मी पोचलो तेव्हा अकोफा खुर्चीत मान टाकून झोपली होती. पेन खाली पडलेलं. तोग्बे शेजारी ताठ बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"झोपलीय," ते हळूच म्हणाले. "बोलू नकोस. हिचा श्वास ऐकतोय मी. फार दमलीय."

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. रस्त्यावरून बकऱ्या गेल्या. अकोफा जागी झाली तेव्हा ओशाळली, पेन शोधू लागली.

"तू कोण ग?" तोग्बेंनी विचारलं. तो आठवण नसलेला दिवस होता.

"अकोफा, तोग्बे."

"अकोफा. सांत्वन." त्यांनी मान हलवली. "तुझ्या आधी कोण गेलं होतं?"

मी तिला बारा वर्षं ओळखत होतो आणि हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. नावाचा अर्थ मला माहीत होता. पण अर्थ माहीत असला की माणूस पुढे विचारत नाही.

"भाऊ," ती म्हणाली. "चार वर्षांचा होता. मी पोटात असताना गेला. आई म्हणायची, तू आलीस म्हणून मी उठून चूल पेटवली."

"मग तू जन्मापासून कामालाच लागलीस," तोग्बे म्हणाले.

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला तसं हसताना पाहिलं, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने ते अंगावरच्या कापडाने पुसले. "तोग्बे, पुढचं नाव सांगा," ती म्हणाली. "अजून खूप आहेत."

सगळी काही मिळाली नाहीत. शंभरेक नावांपुढे आम्हाला नुसता अर्थ लिहावा लागला, प्रसंग नाही. काही ठिकाणी तोग्बेंनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी कोणती खरी ते कळेना, तेव्हा अकोफा म्हणाली दोन्ही घ्या. रेव्हरंड कुरकुरले, पान वाढतं म्हणून. ती म्हणाली, "रेव्हरंड, मी वाद घालायच्या स्थितीत नाही. दोन्ही घ्या." त्यांनी घेतल्या.

सेलासी एका शनिवारी स्वतः आली. तिने नावांना वेगळा कप्पा करून दिला, म्हणजे नाव आणि शब्द पुन्हा कधी एकमेकांवर बसणार नाहीत, आणि सगळ्याच्या दोन नकला करून एक स्वतःबरोबर नेली. जाताना ती अकोफाच्या पाया पडल्यासारखी खाली वाकली. "आंटी, मी तुमच्या जागी असते तर केव्हाच सोडून गेले असते."

"मीही गेले असते," अकोफा म्हणाली. "पण उठायचा कंटाळा."

शब्दकोश छापून आला तेव्हा चर्चमध्ये समारंभ झाला, भाषणं झाली. रेव्हरंडांनी तिचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मागच्या बाकावर चपला काढून बसली होती. तिला पुढे बोलावलं तर तिने नुसता हात हलवला. प्रत तिच्या मांडीवर होती, ती उघडून तिने पाहिली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "टीचर, चुका दिसतील. आज नको."

दुसऱ्या दिवशी तिने आठवड्याची रजा मागितली आणि तेमा शहरात लेकीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी रेव्हरंड माझ्याकडे आले. विंडोजने रात्रीतून स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं आणि हत्यारं पुन्हा चालेनाशी झाली होती. शाळांसाठी छोटी आवृत्ती काढायची होती. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला.

"सिस्टर, तो परत काहीतरी म्हणतोय. काळ्या खिडकीत."

"काय म्हणतोय?"

रेव्हरंडांनी वाचून दाखवलं. पलीकडे कुणीतरी तळत असल्याचा आवाज येत होता, आणि एक लहान मूल गाणं म्हणत होतं.

"रेव्हरंड," ती म्हणाली, "मी इथे मासे साफ करतेय. सोमवारी येते. तोवर त्याला हात लावू नका, आणि फायली उघडून बघू तर मुळीच नका."

तिने फोन ठेवला. रेव्हरंडांनी मला विचारलं, "रागावली का?"

"नाही," मी म्हणालो. "मासे साफ करतेय."