दादांचं पिस्तूल

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचं हसू येतं, आणि ते हसू फार वेळ टिकत नाही.

भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाऊनशिपला लागून असलेल्या ठाण्याचा मी टीआय होतो, म्हणजे ठाणेदार. टाऊनशिपच्या ठाण्यात गुन्हे बेताचेच. सायकलचोरी, क्वार्टरमागच्या पेरूंवरून भांडणं, होळीला कुणाचं तरी फाटक पळवलेलं. सकाळी हजेरी, मग रोजनामचा, मग चहा. आम्ही मूळचे उज्जैनचे. ठाण्यात दिवसभर हिंदी, त्यामुळे माझ्या मराठीची अवस्था अशी की पुण्याहून आलेली माझी बायको म्हणायची, "तुम्ही बोलता ते छान असतं, फक्त त्याचं मराठी करून घ्यावं लागतं."

एका दुपारी आमचा मुखबिर, म्हणजे खबऱ्या, मागच्या दाराने आला. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याची चहाची टपरी होती. आवाज खाली आणून म्हणाला, "साब, पक्की खबर है. वो साँचेवाले के यहाँ पिस्तौल की मूठ बन रही है."

हा साचेवाला म्हणजे ढलाईसाठी, म्हणजे ओतकामासाठी, लाकडी साचे करणारा कारागीर. हत्यारांचा परवाना त्याच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं.

"किसकी पिस्तौल?"

"दादा की."

"कौन दादा?"

"नाम नहीं खुला साब. पार्टी बस दादा-दादा करती है. मूठ पे खुदवाना भी यही है, 'दादा'. आज शाम को फिर आएगी."

माझे हवालदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "अपने नाम की मोहर लगवा रहा है साब. मतलब गैंग पुरानी है."

मलाही ते पटलं. त्या वर्षांत दादा हा शब्द मी फक्त फायलींमध्ये वाचत होतो: अमक्या बस्तीचा दादा, तमक्या नाक्याचा दादा. संध्याकाळी आम्ही साध्या वेशात सापळा लावला. मी गिऱ्हाईक बनून सागवानाचे भाव विचारत उभा राहिलो. पायात पोलिसी बूट तसेच होते, हे साचेवाल्याने पहिल्याच मिनिटाला पाहिलं असावं, कारण त्याने मला फार स्वस्त भाव सांगितला.

शिफ्ट सुटल्यावर एक गृहस्थ स्कूटरवरून आले. पन्नाशी ओलांडलेली, हाताने विणलेला स्वेटर, खांद्याला डब्याची पिशवी. पिशवीतून त्यांनी मऊ फडक्याची पुरचुंडी काढली आणि आम्ही झडप घातली. पुरचुंडीत निघाल्या पिस्तुलाच्या मुठीवर दोन बाजूंना बसवतात त्या दोन लाकडी पट्ट्या. पिस्तूल नव्हतं.

हवालदारांनी दरडावलं, "दादा कहाँ है?"

गृहस्थ पांढरेफटक पडले. "दादा तो गए," एवढंच म्हणाले.

हवालदारांनी मागच्या दारातून धूम ठोकली, भिंतीवरून उडी मारली आणि शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनला दादा समजून धरून आणलं. त्याची समजूत काढायला दोन चहा लागले.

गृहस्थांना ठाण्यात आणून मी चौकशीला बसलो. चेहरा शक्य तितका कडक केला.

"दादा से कब से पहचान है?"

"जनम से."

"और कौन-कौन है साथ में?"

"दो बहनें हैं. एक इंदौर में, एक ग्वालियर में."

हवालदारांनी दोन्ही शहरं लिहून घेतली.

मग मी पाणी द्यायला सांगितलं. चौकशीत पाणी फार कामाचं. माणूस ओरडण्याला तयार होऊन आलेला असतो, पेल्याला नाही. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटले, "दादा असते तर ठाण्याची पायरी चढू दिली नसती मला."

माझं पेन थांबलं. 'असते'. गुंडाला कोणी असा आदर देत नाही.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

त्यांनी दचकून वर पाहिलं. "अहो, तुम्हीसुद्धा? मग इतका वेळ काय ते..."

"दादा म्हणजे सख्खे?"

"सख्खे. थोरले. मागच्या थंडीत गेले."

हवालदारांनी वहीतली दोन शहरं हळूच खोडली.

हे गृहस्थ कारखान्यात फोरमन होते. दादा जंगल खात्यात रेंजर होते आणि परवान्याचं पिस्तूल बाळगून होते. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते धाकट्याला भेट दिलं, परवानाही रीतसर करून दिला, आणि बजावलं, "मी डावखुरा, तू उजवा. मूठ तुझ्या हाताला बसेल अशी करून घे."

धाकट्याने आज-उद्या केलं आणि दादा गेले. आता त्यांचं सांगणं पुरं करायचं म्हणून हे नव्या पट्ट्या घडवायला निघाले होते. पण जुन्या काढून टाकताना मन खाई, म्हणून निदान नव्यांवर 'दादा' कोरून घ्यावं असं ठरवत होते. साचेवाल्याकडे या महिन्यात ही चौथी खेप, आणि प्रत्येक वेळी जुन्या पट्ट्या नुसत्या दाखवून परत आणलेल्या.

नुसत्या पट्ट्या नेण्यात गुन्हा नव्हता. पण पिस्तूल परवाना नसलेल्याच्या हाती गेलं असतं, किंवा त्याच्या नंबराला कानस लागली असती, तर मला ते जप्त करावंच लागलं असतं. त्यांनाही ते कळत होतं. "मालखान्यात जाईल का हो?" त्यांनी तीनदा विचारलं. मालखान्यात वर्षानुवर्षं गंजणारी हत्यारं मी रोज पाहत होतो. मी जीप काढायला सांगितली. आधी खात्री करायची, मग दिलासा द्यायचा, ही सवय.

मी वर्दी चढवली आणि जीप त्यांच्या क्वार्टरवर गेली. वहिनींनी दार उघडलं, पोलीस पाहिले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "झालं समाधान?"

कपाटातून पिस्तूल निघालं. नंबर परवान्याशी जुळवला. स्वच्छ होता. बाहेर गेल्याची कसलीही खूण नाही. मी तसं सांगितल्यावर गृहस्थ पलंगावर बसलेच.

मग त्यांनी उजवी पट्टी माझ्या हातात दिली. वर्षानुवर्षं डाव्या अंगठ्याने दाबून तिच्यात गुळगुळीत खळगा पडला होता. "मी उजव्या हातात धरलं की हा खळगा बरोबर माझ्या तळव्याखाली येतो. पकड बसत नाही. पण हात काढवतही नाही."

"चालवणार आहात का कधी?" मी विचारलं.

"छे. मला फटाक्याचीही भीती वाटते."

"मग पकड घट्ट कशाला हवी?"

वहिनी म्हणाल्या, "गेले चार महिने मी हेच विचारतेय. माझ्या विचारण्याला वर्दी नाही ना."

"पण दादांनी सांगितलं होतं करून घे म्हणून," ते म्हणाले. "त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही."

"मग मोडा की एकदा. रागवायला आले तर बरंच होईल," मी म्हटलं.

त्यांनी उठून चष्म्याच्या दुरुस्तीचा बारीक पेचकस आणला आणि जुन्या पट्ट्या आपल्या हाताने पुन्हा बसवल्या. नाव कोरायचा विषय कोणी काढला नाही. मग पिस्तूल त्यांनी उजव्या हातात धरलं, नळी जमिनीकडे, आणि क्षणभर डोळे मिटले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पोलिसाला काही गोष्टी न पाहण्याचाही सराव लागतो.

परतताना जीपमध्ये हवालदारांनी विचारलं, "साब, मराठी में बड़े भाई को दादा बोलते हैं?"

"हाँ."

"आप भी बोलते थे?"

माझे दादा उज्जैनला वारले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. माझी मुलंसुद्धा एकमेकांना भैया म्हणत. तो शब्द आमच्या घरातून कधी निघून गेला, मला कळलंही नव्हतं. तपासात मात्र तो मी रोज लिहीत होतो, वेगळ्याच माणसांसाठी.

"बोलता था," मी म्हटलं.

"और भाई के जाने के बाद किसको बोलते हैं?"

मी ड्रायव्हरला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितलं.

त्या दिवसाची रोजनामच्यातली नोंद फार छोटी आहे: खबर निराधार, शस्त्र परवान्यानुसार योग्य. त्यानंतर खबऱ्याने कुठलाही शब्द आणला की तो कोणत्या घरातून आला, हे मी आधी विचारू लागलो. तपासाला त्याचा उपयोग झाला. हवालदारांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं. निवृत्तीनंतर हवालदार भोपाळच्याच बाग सेवनियाला राहायला गेले. कधी भेटले तर सांगेन की भाऊ गेल्यानंतरही दादा त्यांनाच म्हणतात. फक्त उलट 'काय रे' असं कोणी विचारत नाही.