बंडूभाऊंचं वजन, पल्लवीचं ग्राउंड

केळझरच्या गणपतीची शपथ घेऊन सांगतो, पुढे लिहिलंय त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझं सिंदीत झेरॉक्सचं दुकान आहे. समोर जे ठेवलं तेच काढून देणं हा आपला धंदा! फक्त एक गोष्ट तेवढी खोटी आहे. ती शेवटी सांगीन.

सरकी काढायच्या जिनिंगमध्ये घटकाभर उभं राहिलं की अंगाला कापूस चिकटतोच. सकाळी धावणाऱ्यांच्या टोळक्यात किस्से तसेच चिकटतात. धावणं दोन किलोमीटर, बोलणं चार! आमचं टोळकं लहानसं. जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणारे बंडूभाऊ, त्यांची पोरगी पल्लवी, शाळेतून रिटायर झालेले मेश्राम सर, आणि मी. मी नेहमी सगळ्यांच्या पुढे!

*

सुरुवात झाली पल्लवीमुळे. तिला पोलीस भरती द्यायची होती. ग्राउंडला, म्हणजे मैदानी परीक्षेला, आठशे मीटर धावावं लागतं, म्हणून पहाटे रोडवर प्रॅक्टिस. पण तिच्या आईनं, शोभावहिनींनी, अट घातली.

"एकटी नाई जायचं. बाप संगं धावन तर जा. बाप घरी बसला का तुही प्रॅक्टिस बंद!"

बाप म्हणजे बंडूभाऊ. पंचवीस वर्षं एका खुर्चीत बसून ट्रक मोजलेला माणूस! पहिल्या दिवशी रेल्वे फाटकापर्यंत कसेबसे आले आणि दगडावर बसले.

"काऊन थांबले, बाबा?"

"गाडी येऊन राह्यली ना बापा. रुळावर घुसू का मी?"

फाटक सताड उघडं होतं. गेटमन बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, अजून पाऊण तास गाडी नाई."

"पाऊण तास ना?" भाऊ म्हणाले. "मंग बसतो!"

*

पोरीसाठी धावायचं तर वजन उतरवणं आलं. घरात काटा नव्हता, पण कामावर होता ना! ट्रकचा! कापसाची गाडी उतरली की भाऊ चपला काढून त्या लांबलचक लोखंडी प्लेटवर मधोमध एकटे उभे राहायचे. आकडा आला नव्वद.

पंधरा दिवस तळलेलं बंद. नव्वद. महिनाभर रोज फाटकापर्यंत. नव्वद!

आणि एका सकाळी ऐंशी! एका दिवसात दहा किलो गायब! भाऊंनी सगळ्या हमालांना जिलेबी वाटली, उरलेली पाव किलो स्वतः खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्वद. माणूस रडकुंडीला आला.

मेश्राम सरांनी शांतपणे विचारलं, "बंडू, हा काटा कितीकितीनं मोजतो?"

"दहा-दहा किलोनं, सर. खालचं-वरचं धरत नाई. ट्रकले चालते तेवढं."

"आणि तुला?"

"मले बी कालपर्यंत चाललं ना, सर!"

*

मेश्राम सरांच्या अंगणात आमचा घरगुती व्यायाम चाले. डंबेल्सच्या जागी विटा, बेंचच्या जागी धुण्याचा दगड. पण प्लँक सरांच्या पद्धतीचा! कोपरांवर आडवं व्हायचं आणि सतराचा पाढा म्हणायचा. पाढा संपला की सुट्टी. चुकला की पहिल्यापासून.

मी सतरा साती एकशे एकोणीसपर्यंत गेलो आणि सतरा आठीला अडकलो. तीनदा! पोट थरथर कापतंय, घाम विटेवर ठिबकतोय. शेवटी म्हणालो, "सर, दोनचा पाढा चालन का?"

सर म्हणाले, "चालेल. शंभरपर्यंत म्हण."

*

साध्या खाण्याची गोष्टही ऐका. धावून झाल्यावर आम्ही पोह्याच्या टपरीवर थांबतो. आपल्याकडे पोह्यावर तर्री पडतेच, चण्याचा लालभडक रस्सा, वर तेल तरंगणारा. एके दिवशी भाऊंनी हात आडवा केला.

"माह्या पोह्यावर तर्री टाकजो नको. डाएट चालू हाय."

टपरीवाला गहिवरला. भाऊंनी कोरडे पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता वाटीत दे. पोह्यावर नको म्हटलं होतं!"

*

मग दुखणी सुरू झाली. भाऊंचा गुडघा सुजला. घरी सांगितलं तर वहिनी बसवणार, आणि बाप बसला की पोरीची प्रॅक्टिस बंद! ग्राउंडला दीड महिना उरलेला. भाऊ दात आवळून धावत राहिले.

मेश्राम सरांची मुलगी प्रज्ञा वर्ध्याला फिजिओथेरपिस्ट आहे. एका शनिवारी भाऊ घरी म्हणाले, "जिनिंगच्या कामानं वर्ध्याले जाऊन येतो," आणि तिच्या दवाखान्यात पोचले. बाकावर बसले. शेजारी ओढणीनं तोंड बांधलेली एक पोरगी नडगी चोळत बसली होती.

"लायब्ररीत गेलती ना तू?" भाऊ ओरडले.

"अन् हे जिनिंग हाय का, बाबा?"

तिची नडगीही महिन्याभरापासून दुखत होती. बापाला कळलं तर तो धावणं थांबवेल, म्हणून ती गप्प!

प्रज्ञानं दोघांना एकदमच झापलं. "दोन आठवडे धावणं बंद. बर्फ लावा. काका, पाय सरळ ठेवून उचलायचा. पल्लवी, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. दुखणं लपवलं तर ग्राउंड विसरा!"

घरी सांगावंच लागलं. वहिनी रागावल्या, पण मोजायला त्याच पुढे आल्या. बाप-लेक व्यायाम करायचे आणि वहिनी पायरीवर उभ्या राहून आकडे म्हणायच्या. मोजता मोजता त्यांच्याही टाचा वर-खाली व्हायच्या. आम्ही कोणी लक्ष दिलं नाही.

*

ग्राउंडचा दिवस. पालकांना आत सोडत नाहीत. मैदानाला तारेचं कुंपण, बाहेरून रस्ता. पल्लवी सुटली आणि सवयीनं बंडूभाऊही कुंपणाच्या बाहेरून सुटले! "चाल बेटा! चाल!" मेश्राम सर हातात घड्याळ धरून उभे.

अर्ध्या वाटेत पल्लवी मागे पडली. तिनं नडगीकडे पाहिलं. इकडे भाऊही गुडघा धरून वाकले. आवाज बंद!

तेवढ्यात शोभावहिनींनी पदर खोचला, चपला सरांच्या हातात दिल्या आणि निघाल्या. नवऱ्याला मागे टाकलं. वळणावर पोरीच्या बरोबरीला आल्या. मधे फक्त तार. "वर पाह, खाली पाहू नोको! एक, दोन! एक, दोन!" थेट शेवटच्या रेषेपर्यंत!

बऱ्याच वेळानं पल्लवी गेटबाहेर आली.

"निघालं ग्राउंड! पास झाली मी!" ती ओरडली. मग आजूबाजूला पाहत म्हणाली, "बाबा कुठी हायत?"

वहिनी केस नीट करत होत्या. दमही लागला नव्हता.

"येऊन राह्यले मांगून."

*

आता ती खोटी गोष्ट. मी सगळ्यांच्या पुढे असायचो, हे खरं. पण धावत नव्हतो. रोडवर अंधार असतो ना, कोणीतरी लाईट दाखवायला पाहिजे. मी स्कूटीवर होतो.